आकाशातली ऊ

मथळा वाचून कुणी नाक मुरडू नये. हे नाव मी ठेवलेले नाही; ज्याचे ते विमान, त्यानेच ते ठेवले आहे. फ्रेंच भाषेत ‘पू’ म्हणजे ऊ आणि ‘सिएल’ म्हणजे आकाश. (मराठीत ‘पू’चा अर्थ त्याहूनही वाईट, ते असो.) ‘पू द्यु सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांना ऊ मानवली नसावी. त्यांनी तिची पिसू केली आणि ‘फ्लाइंग फ्ली’ असे बारसे केले. कन्नड विभागासाठी लिहिणारा माझा एक मित्र ‘हेनु’ म्हणावे की ‘चिगट’, यावर अजून अडून बसला आहे.

नावामागे कारण होते. हेन्री फोर्डची स्वस्त, काळी, सावकाश चालणारी मोटार जेव्हा फ्रान्सच्या रस्त्यांवर बोकाळली, तेव्हा लोकांनी तिला रस्त्यावरची ऊ म्हणावयास सुरुवात केली. जी रस्त्यावर झाली ती आकाशातही व्हावी, गरिबाच्या ऐपतीचे विमान डोक्यावरून उवांसारखे सगळीकडे फिरावे, ही त्या माणसाची इच्छा. त्याचे नाव आंरी मिन्ये. त्याची ही हकीकत.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विमानाशी माझा संबंध एवढाच, की सांबऱ्याला उतरणारे विमान आमच्या गच्चीवरून दिसते. परंतु मिन्येच्या चरित्रात मला प्रथम ओढून नेले ते हिशेबाने. साधी माणसे उडत नव्हती ती धैर्य नव्हते म्हणून नव्हे. पैसे नव्हते म्हणून. आणि पैशाचा मोठा भाग खाऊन टाकीत होते ते इंजिन. तेव्हा या चरित्रात माणसाइतकीच जागा एका लहानशा इंजिनालाही द्यावी लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मिन्येचा जन्म १९ ऑक्टोबर १८९३ रोजी पश्चिम फ्रान्समधील सॅंत या जुन्या गावी झाला. तो दहा वर्षांचा असताना अमेरिकेत राईट बंधूंनी १२ अश्वशक्तीच्या घरगुती इंजिनावर उड्डाण केले, आणि तो पंधरा वर्षांचा असताना, २५ जुलै १९०९ रोजी, ब्लेरिओने २५ अश्वशक्तीच्या आन्झानी इंजिनावर इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रान्समधल्या त्या पिढीच्या मुलांना विमानाचे वेड लागले नसते तरच नवल. मिन्येला ते इतके लागले, की त्याने जर्मनीत गुस्ताव लिलिएन्थालशी पत्रव्यवहार सुरू केला. हा गुस्ताव म्हणजे १८९६ मध्ये ग्लायडरवरून पडून मेलेल्या प्रसिद्ध ओटो लिलिएन्थालचा भाऊ. पत्रे लिहावयाची कुणाला, तर ज्याच्या घरात या वेडाने एक बळी घेतला आहे त्याला! पुढे जे घडले ते ध्यानात घेता ही गोष्ट मला विसरता येत नाही.

१९१२ च्या सुमारास त्याने आपले पहिले यंत्र बांधले. पहिल्या महायुद्धात तो बिनतारी संदेश पाठविणाऱ्यांत होता. युद्ध संपल्यावर पुन्हा बांधकाम सुरू. आपल्या प्रत्येक यंत्राला तो नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक देई: एच. एम. १, एच. एम. २, असे. १९२० ते १९२८ या आठ वर्षांत हा क्रमांक आठपर्यंत गेला, आणि त्यांतले खऱ्या अर्थाने उडाले असे म्हणावे ते एक आठवेच. काही जमिनीवर उड्या मारून थांबली, काही मोडली. आमच्याकडे एवढ्या वेळा नापास झालेल्या मुलाला घरचे लोक दुकानावर बसवतात. मिन्ये पदवीधर विमान-अभियंता नव्हता, कुठल्या कारखान्याचा नोकर नव्हता. त्यामुळे त्याला थांबविणारेही कुणी नव्हते.

एच. एम. ८ हे एक पंख डोक्यावर असलेले साधे विमान होते. १९२८ साली त्याने एका फ्रेंच विमानविषयक साप्ताहिकात लेख लिहून हौशी माणसाने स्वतःचे विमान स्वतः बांधणे शक्य आहे का, हा प्रश्न मांडला आणि आपले उत्तर होकारार्थी दिले. पत्रांचा पाऊस पडला. मग १९३१ मध्ये त्याने ते विमान कसे बांधले याचे पुस्तकच काढले, आणि फ्रान्सभर कोठारांतून, अंगणांतून लोक करवती घेऊन बसले.

येथे दुसरा कुणी समाधान मानून थांबला असता. मिन्येला मात्र एक अडचण सलत होती, आणि ती त्याची स्वतःची होती. त्याला नेहमीच्या पद्धतीचे विमान नीट चालवता येत नसे. नेहमीच्या विमानात हातातली दांडी पुढेमागे केली की नाक खालीवर होते, डावीउजवीकडे केली की पंख कलतात, आणि पायांतल्या पेडलांनी शेपटीचे सुकाणू फिरते. वळताना हात आणि पाय यांचा मेळ घालावा लागतो. तो चुकला, त्यात वेग कमी पडला, तर पंखावरून वाहणारी हवा सुटते, पंख वजन धरीनासा होतो आणि विमान गरगरत खाली येते. पंख असा बेजार होण्याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्या काळच्या कितीतरी अपघातांचे हेच कारण होते. मिन्येने विचार असा केला, की जे आपल्याला जमत नाही ते पुष्कळांना जमत नसणार. मग दोष माणसाचा कशाला मानावयाचा? यंत्रच बदलावे.

त्याने पेडले काढून टाकली. पंखांची कलविणारी झडपही काढून टाकली. उरली एक दांडी. ती आडवी हलविली की मागचे मोठे सुकाणू वळे, आणि पंखांची टोके वर उचललेली असल्याने विमान वळताना आपोआप कले. दांडी पुढेमागे केली की पुढचा आख्खा पंख बिजागरीवर कमीजास्त तिरका होई. पंख दोन होते: पुढचा उंचावर, सुमारे सहा मीटर लांब, मागचा त्याच्या जरा खाली आणि लगेच पाठीशी, आखूड. दोहोंच्या मध्ये मुद्दाम एक चिंचोळी फट राखली होती. त्या फटीतून जोराने येणारी हवा मागच्या पंखाला चिकटून वाहील आणि पंख कधी बेजार होणार नाही, अशी कल्पना. आणि ती खरी ठरली. या विमानाचे नाक कितीही वर केले तरी ते गरगरत नसे. नुसते हळूहळू खाली बसे. ही फट वाचकांनी लक्षात ठेवावी. सगळी कथा तिच्यातूनच जाते.

आता इंजिन. १९३० च्या सुमारास विमानाचे म्हणून जे इंजिन बाजारात मिळे, ते साध्या माणसाच्या वार्षिक मिळकतीला भारी पडे. ताडपत्री, लाकूड, तारा यांचा खर्च माणूस महिन्याच्या पगारातून थोडाथोडा करू शकतो. इंजिन हप्त्याहप्त्याने विकत आणता येत नाही. तुलनेसाठी एक आपल्याकडचे उदाहरण देतो. ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले, ते पस मॉथ या विमानातून. तेही लहानच विमान, पण त्याचे इंजिन १२० अश्वशक्तीच्या घरातले. मिन्येने ठरविले होते की आपल्याला २० च्या आत भागवावयाचे. म्हणून तो विमानांच्या दुकानात न जाता मोटारसायकलींकडे वळला, आणि ओबिए-दून या फ्रेंच कंपनीचे ५०० सी. सी. चे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन त्याने निवडले. शक्ती १७ अश्वशक्ती. आजची १५०-१६० सी. सी. ची मोटारसायकल साधारण एवढाच जोर देते.

टू-स्ट्रोक म्हणजे काय हे माझ्या वयाच्या अनेकांना आता सांगावे लागते, कारण रस्त्यावरून ती इंजिने जवळजवळ गेली. ज्यांच्या घरी जुनी येझदी किंवा राजदूत आहे, किंवा ज्यांच्या शेतावर औषध मारावयाचा पाठीवरचा पंप आहे, त्यांना तो आवाज आणि तो निळसर धूर ठाऊक असेल. नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा वरखाली होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. म्हणजे दोन फेऱ्यांत एक धक्का. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला धक्का. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या पेटीत शिरते, पिस्टन खाली येताना तेथे दाबले जाते, आणि सिलिंडरच्या भिंतीतील भोके पिस्टननेच उघडली की वर धावते. त्याच वेळी जळलेला धूर समोरच्या भोकातून बाहेर पडतो. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा दांडा नाही, तेलाची वेगळी टाकी-पंप नाही. ब्रिटनमध्ये ड्युगल्ड क्लार्क याने १८७८ च्या सुमारास पहिले टू-स्ट्रोक इंजिन केले आणि १८९१ मध्ये जोसेफ डे याने खालच्या पेटीत मिश्रण दाबण्याची युक्ती काढली, तिचाच हा वंश. भाग थोडे म्हणून वजन थोडे, आणि वजन थोडे म्हणून किंमतही थोडी. शंभर किलोच्या विमानाला आणखी काय हवे?

पण बाजारात फुकट काही मिळत नाही. व्हॉल्व्ह नसल्याने ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो, म्हणून पेट्रोल जास्त लागते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आमच्या मामांच्या येझदीला लिटरला ४० मिलीच्या हिशेबाने तेल लागते. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर प्लग काळा पडून गाडी बंद. मामा अशा वेळी गाडी कडेला घेतात, प्लग काढतात, पॉलिश पेपरने घासतात, फुंकर मारतात आणि पुढे जातात. हवेत कडेला घेता येत नाही. शिवाय टू-स्ट्रोकला जोर येतो तो जलद फिरताना, आणि पंखा चांगले काम करतो तो सावकाश फिरताना. म्हणून दोघांच्या मध्ये फेरे कमी करणारी साखळी, पट्टा किंवा दातेरी चक्र बसवावे लागते, आणि तेही एक तुटण्याचे ठिकाण. अलीकडेही अशी विमान-इंजिने बनविणारे कारखाने आपल्या माहितीपुस्तकात स्पष्ट बजावून ठेवीत, की हे इंजिन त्याच्या घडणीमुळेच अचानक बंद पडू शकते, आणि तेव्हा सुखरूप उतरता येईल अशाच जागेवरून उडावे. मिन्येचे उत्तर वेगळ्या वाटेचे होते. त्याचे विमान इतक्या हळू उतरे, की इंजिन थांबले तर एखादे शेत पुरे.

१० सप्टेंबर १९३३ रोजी सोआसाँ गावाजवळच्या एका मोकळ्या रानात हे विमान, एच. एम. १४, प्रथम उडाले. हाच तो ‘पू’. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे लहान मोटारीएवढी. नोव्हेंबरच्या ६ तारखेपर्यंत मिन्येने तेथेच चाचण्या घेतल्या आणि सुमारे दहा तास उड्डाण केले. ताशी ४० किलोमीटरवर ते तरंगे आणि १०० पर्यंत जाई. चाळीस वर्षांचा माणूस, वीस वर्षांची खटपट, आणि शेवटी हवेत स्वतःच्या हातचे दहा तास. मला कल्पना करावीशी वाटते की त्या दोन महिन्यांइतका सुखी तो पुन्हा झाला नसेल.

१९३४ मध्ये त्याने या विमानाचे सर्व नकाशे, मापे आणि कृती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचे नाव हवेतला खेळ अशा अर्थाचे होते. त्यात अभियंत्याची भाषा नव्हती. प्लायवूड कसे कापावे, डिंक कसा लावावा, कापड कसे ताणावे, आणि बांधून झाल्यावर उडावयास स्वतःचे स्वतः कसे शिकावे, हे तो शेजाऱ्याशी बोलावे तसे सांगतो. ज्याला खोके ठोकता येते त्याला विमान बांधता येते, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील एअर लीग या संस्थेने इंग्रजी भाषांतर काढले. महिन्याच्या आत सहा हजार प्रती संपल्या. मंदीचा काळ होता, तरुणांच्या हाताला काम नव्हते, आणि येथे एक माणूस सांगत होता की आकाश श्रीमंतांच्या मालकीचे नाही. सहा हजार लोकांना ते खरे वाटावे यात आश्चर्य काय!

ब्रिटिश सरकारला हा प्रश्न नवीन होता. कारखान्यात न बनलेल्या विमानाला योग्यतेचा नेहमीचा दाखला कसा देणार? शेवटी एक वेगळी, सैल परवानगी काढण्यात आली आणि २४ जुलै १९३५ रोजी ती पहिल्याने मिळाली ती स्टीफन ॲपलबी याच्या ‘फ्ली’ला. त्याच ॲपलबीने पाचच दिवसांनी ते विमान एका शेतात आपटले. तो बचावला, आणि एका वृत्तपत्राने पैसे देऊन विमान दुरुस्त करवून घेतले. १३ ऑगस्ट १९३५ रोजी मिन्ये स्वतः आपल्या इवल्याशा विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात उतरला. ब्लेरिओला २५ अश्वशक्ती लागली होती, याला १७ पुरल्या. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले.

मागणी आली की पुरवठा येतोच. यॉर्कशायरच्या स्कॉट कंपनीने, जी आधीपासून टू-स्ट्रोक मोटारसायकलींसाठी नावाजलेली होती, खास ‘फ्ली’साठी ‘फ्लाइंग स्क्विरल’ नावाचे दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन काढले. रणगाड्यांचा रचनाकार सर जॉन कार्डेन याने फोर्डच्या लहान मोटारीचे इंजिन बदलून ३० अश्वशक्तीच्या जवळपासचे ‘कार्डेन-फोर्ड’ तयार केले. ते फोर-स्ट्रोक, जास्त जड. ज्याला जे परवडेल, मिळेल, ते तो बसवी. कुणी पंख थोडे लांब करी, कुणी बैठक थोडी मागे घेई. नकाशा एक, पण विमाने सगळी थोडीथोडी वेगळी. ब्रिटनमध्ये कितीतरी जणांनी परवानगी घेतली. बांधावयास घेऊन अर्ध्यावर टाकलेली किती असतील ते वेगळेच.

आणि मग माणसे मरू लागली.

१९३६ च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रिटनमध्ये एकामागून एक अपघात झाले, फ्रान्समध्येही झाले. मेलेल्यांत नवशिके होते असे कुणी म्हणेल, तर तसे नाही. हवाई दलाचे मुरलेले अधिकारीही त्यांत होते. विमान बऱ्यापैकी उंचीवर असे, नाक थोडे खाली जाई, मग आणखी खाली, आणि सरळ जमिनीत घुसे. वैमानिकाने दांडी मागे ओढली नसेल असे संभवत नाही. इंजिन बंद पडून मेले असते तर निदान टू-स्ट्रोकला दोष देता आला असता. येथे इंजिन चालू होते.

अखेर जे आधी व्हावयास हवे होते ते झाले. फ्रान्समध्ये शाले-म्युदों येथील प्रचंड वातबोगद्यात आणि इंग्लंडात फार्नबरोच्या वातबोगद्यात संपूर्ण विमान, लहान प्रतिकृती नव्हे, टांगून त्यावर वारा सोडण्यात आला. उत्तर दोन्हीकडे एकच मिळाले. वाऱ्याच्या दिशेशी विमानाचा कोन सुमारे उणे पंधरा अंशांच्या खाली गेला, म्हणजे नाक तेवढे खाली झुकले, की ते परत वर येईनासे होई. कारण ती फट. वैमानिक घाबरून दांडी मागे ओढी. पुढचा पंख तिरका होऊन त्याची मागची कड खाली येई. फट आणखी अरुंद होई. तिच्यातून हवा अधिक जोराने मागच्या पंखावर धावे आणि मागचा पंख पुढच्याहून जास्त उचल देई. शेपूट वर, नाक खाली. जितके ओढावे तितके नाक खाली. माणसाला वाचविण्यासाठी जी फट ठेवली तिनेच दार बंद केले. मिन्येने सगळा बंदोबस्त केला होता तो नाक वर जाण्याचा. धोका उभा होता खालच्या बाजूला.

उपाय पुढे सापडला, आणि तो फारसा अवघडही नव्हता: पंखांमधले अंतर वाढवावयाचे, बिजागरीची जागा आणि मागच्या पंखाचा तिरकेपणा बदलावयाचा. १९३९ पर्यंत सुधारलेली ‘पू’ विमाने निर्धास्तपणे उडत होती. परंतु तोवर ब्रिटनमध्ये परवानग्या थांबल्या होत्या. गमतीची म्हणावी की दुःखाची, कळत नाही. ३ ऑगस्ट १९३६ रोजी रॅम्सगेट येथे ‘फ्ली’ विमानांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, आणि त्यानंतर लवकरच ते वेड ओसरले. लोकांनी अर्धवट पंख माळ्यावर टाकले.

या प्रसंगात मिन्येचा दोष किती? आमच्या अभ्यासक्रमात माल विक्रीचा १९३० चा कायदा आहे आणि त्यात ग्राहकाने स्वतः सावध राहावे हे जुने तत्त्व शिकवितात. त्या तत्त्वाने मिन्ये सुटतो: त्याने विमान विकलेच नाही, पुस्तक विकले, बांधणारा स्वखुशीने बांधीत होता. पण त्याच तत्त्वाला अपवादही आहेत, आणि मुख्य अपवाद हा, की ग्राहक विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून असेल तर जबाबदारी विक्रेत्याकडे येते. करवत घेऊन बसलेला तो लोहार, तो कारकून, तो शाळामास्तर कशावर विसंबून होता? मिन्येच्या शब्दावर. आणि मिन्येच्या शब्दामागे एका माणसाची, एका इंजिनाची, बेताच्या वेगातली उड्डाणे होती. वातबोगद्याचे भाडे त्याला परवडणारे नव्हते हे खरे. परंतु सरकारे आणि संस्था, ज्यांना ते परवडत होते, त्यांनी परवाने आधी दिले आणि चाचणी नंतर घेतली. एअर लीगने भाषांतर विकले, वृत्तपत्राने बातमी विकली, कारखान्यांनी इंजिने विकली. मला विचाराल तर मिन्येच्या नावे मी निम्मी रक्कम टाकीन, पूर्ण नाही. तो स्वतः रोज त्याच विमानात बसत होता, हे त्याच्या जमेच्या बाजूला लिहावे लागते. माझ्या एका वर्गमित्राला हे पटत नाही. त्याच्या मते ज्याने नकाशा छापला त्याने मेलेल्यांची संख्याही आपल्या वहीत लिहावी. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

१९३६-३७ मध्ये मिन्ये अमेरिकेत गेला आणि तेथे कारखाना काढण्याचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. मग दुसरे महायुद्ध आले. युद्धानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन केलेली भटकंती आहे: अर्जेंटिना, ब्राझील, जपान, मोरोक्को. जेथे कुणी बोलावील तेथे जावे, नवे विमान आखावे, नवा क्रमांक द्यावा. क्रमांक तिनशेच्या पुढे गेले, पण ते सगळे कागदावर मोजलेले. मधले पुष्कळ कधी लाकडात उतरलेच नाहीत. प्रत्येक आराखड्यात दोन पंख मात्र कायम, आणि पुढचा बिजागरीवर. एवढ्या अपकीर्तीनंतर एखाद्याने साधे विमान काढून लोकांची तोंडे बंद केली असती. त्याने तसे केले नाही. हा हट्ट म्हणावा की निष्ठा? दोन्ही असावे. ३१ ऑगस्ट १९६५ रोजी बोर्दोजवळच्या पेसाक येथे तो वारला, तेव्हा तो ७१ वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांतच अमेरिकेत आणि युरोपात अतिहलक्या विमानांची लाट आली. कापड, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि टू-स्ट्रोक इंजिन. आता इंजिने बर्फावरच्या गाड्यांची होती. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ५०३ हे त्यांतले फार चाललेले: तेही दोन सिलिंडरांचे, तेही ५०० सी. सी. च्या घरातले, पण मिन्येच्या १७ च्या जागी ५० च्या आसपास अश्वशक्ती देणारे. फरक मुख्यतः भोकांच्या आकारात आणि धुराच्या नळीच्या घडणीत. ती नळी अशी फुगीर करतात की धुराची लाट परत फिरून निसटणारे ताजे मिश्रण आत ढकलते. त्याच कंपनीचे पाण्याने थंड होणारे ५८२ इंजिन आपल्या बंगळुरूपर्यंत आले. तेथील राज हंस या कारखान्याने आपली एक्स-एअर विमाने त्यावर उडविली आणि परदेशी पाठविली. हल्ली या विमानांतही फोर-स्ट्रोकने टू-स्ट्रोकची बरीच जागा घेतली आहे, जशी ती रस्त्यावर घेतली.

मिन्येचा मुलगा पियर याने १९८० च्या दशकात पश्चिम फ्रान्समध्ये ‘बालेरी’ नावाचे विमान बनवावयास घेतले. रोटॅक्सचे टू-स्ट्रोक इंजिन, पायांत पेडले नाहीत, हातात एकच दांडी, आणि एकापाठोपाठ एक असे दोन पंख. फ्रेंच लष्करानेही त्यांतली काही विकत घेतली. पंखांमधली फट बापाच्या पहिल्या नकाशापेक्षा मोठी आहे.